बाह्या वर करून बघण्याआधी

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा पंधरा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या दंडावर जखमांच्या खुणा दिसल्या, काही जुन्या, काही ताज्या. स्वतःच करून घेतलेल्या. आईने त्याला स्वतःची शपथ घातली: पुन्हा असं करणार नाहीस. वडिलांनी त्याचा फोन काढून घेतला, खोलीची कडी काढून टाकली आणि रोज रात्री झोपण्याआधी त्याच्या बाह्या वर करून दंड तपासायला सुरुवात केली. शाळेतल्या समुपदेशकांनी एक प्रश्नावली भरून घेतली. बारा प्रश्न, चार गुण, खाली शेरा: ‘धोका कमी’. तेरा दिवस दंड कोरे होते. चौदाव्या दिवशी कपडे धुवायला टाकताना कळलं की इजा थांबलेली नाही, फक्त जागा बदलली आहे. घरातले एक ज्येष्ठ म्हणतात, ही लक्ष वेधून घ्यायची नाटकं आहेत, काणाडोळा करा. वडील विचारतात: कागदावरच्या शेऱ्यावर विश्वास ठेवू का? शपथ मोडली म्हणजे आमची त्याला काहीच किंमत नाही का? हे थांबणार कधी? आणि शेवटी एका ओळीत: तुमचं उत्तर छापून आलं तर ते त्याला दाखवू का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आकडे पुष्कळ आहेत. खुणा किती, दिवस किती, गुण किती. मुलाचं एकही वाक्य मात्र नाही. विचारल्यावर तो काय म्हणाला, गप्प बसला की रडला की चिडला, हे साडेतीन पानांत कुठेच आलेलं नाही. मी हे दोष म्हणून सांगत नाही. माणूस घाबरला की मोजायला लागतो. निदान मोजलेलं तरी आपल्या हातात आहे, एवढाच त्याचा आधार असतो. पण तुम्ही मला विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या न आलेल्या वाक्यात आहेत, म्हणून आधी तिकडे बोट दाखवते.

आता तो कागद. त्यावर विश्वास ठेवू नका. समुपदेशक वाईट आहेत म्हणून नाही, तर असा कागद ते काम करूच शकत नाही म्हणून. कोण पुढे पुन्हा इजा करून घेईल किंवा जिवाचं बरंवाईट करील, हे गुणांवरून सांगणाऱ्या प्रश्नावल्या अनेक आहेत आणि त्यांचा अंदाज इतका चुकतो की ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच लिहिलं: भाकित करण्यासाठी अशी साधनं वापरू नका, माणसाची ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी वर्गवारी करू नका आणि त्या वर्गवारीवरून कोणाला उपचार द्यायचे हे तर मुळीच ठरवू नका. ‘धोका कमी’ असा शेरा मिळालेलं मूल घरी जातं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याला नेमकं काय हवं होतं हे विचारायचं राहून जातं. तुमच्याकडे हेच झालं.

मग तज्ज्ञांकडची तपासणी म्हणजे काय? पुष्कळदा ती म्हणजे निवांत, लांबलेली बोलणी असतात. त्यातला बराच वेळ मूल एकटं बोलतं, आईवडील बाहेर बसतात. हे ऐकून तुम्हाला कसंसं होईल, पण ते आवश्यक आहे. घरातलीच एखादी गोष्ट सलत असेल, शाळेत कुणी छळत असेल, कुणी नको तिथे हात लावला असेल, आपल्याला मुलगे आवडतात हे उमगून तो भेदरला असेल, तर तुमच्यासमोर यातलं काहीच बाहेर येणार नाही. चांगला तज्ज्ञ झोप, भूक, अभ्यास, मित्र, नशा, मोबाइलवर काय येतं, घरात भांडणं कशी होतात, हे सगळं विचारतो. त्याला कशात रस आहे, कुणाजवळ बरं वाटतं, हेही विचारतो, कारण पुढची इमारत त्याच पायावर उभी राहायची असते. आणि तो एका विशिष्ट प्रसंगावर थांबतो. मागच्या वेळी हे झालं त्याच्या आधीचा तास. तू कुठे होतास, कोण काय बोललं, पोटात काय झालं, डोक्यात कुठलं वाक्य घुमत होतं, केल्यावर काय बदललं, त्यानंतर अर्ध्या तासाने कसं वाटलं. मी हे काम बरीच वर्षं केलं आहे. त्या एका तासाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही गुणतक्त्याने शिकवलं नाही.

कारण इजा करून घेणं हे मुलाच्या लेखी काहीतरी काम करत असतं. विचित्र वाटेल, पण ते काम कोणतं हे कळल्याशिवाय ती सोडवता येत नाही. सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं कारण म्हणजे असह्य झालेली भावना क्षणभर खाली उतरते. काही मुलं सांगतात की आत सगळं बधिर झालेलं असतं आणि काहीतरी जाणवावं म्हणून करतो. काही स्वतःला शिक्षा करत असतात. आणि हो, काही मुलं शब्दांत न सांगता येणारं दुसऱ्यापर्यंत पोहोचवू पाहत असतात. २००४ साली मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टाइन या संशोधकांनी या कारणांची मांडणी केली, तेव्हा आपल्या मनाची अवस्था बदलण्यासाठी असं करणारी मुलं अधिक आढळली. लोकांकडून काही मिळवण्यासाठी करणारी कमी.

म्हणून तुमच्या ज्येष्ठांचं ‘लक्ष वेधण्याचं’ अनुमान मला पटत नाही. लक्ष वेधायचं असतं तर तुमचा मुलगा महिनोन्महिने लांब बाह्यांत वावरला नसता आणि तपासणी सुरू झाल्यावर इजेची जागा बदलली नसती. समजा, थोडंसं लक्ष हवंही असेल. पंधरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांचं लक्ष मिळवायला अंगावर जखम करावी लागत असेल, तर काणाडोळा हा त्यावरचा उपाय कसा होईल?

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. हा मुलींचा प्रकार आहे, असं पुष्कळांना वाटतं. पौगंडावस्थेत मुलींमध्ये प्रमाण अधिक दिसतं हे खरं, पण मुलग्यांचं कितीतरी निसटून जातं, कारण मुलाच्या हाताला जखम दिसली की ‘पडला असेल, मारामारी केली असेल’ म्हणून आपण पुढे जातो. २०१४ साली वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा किशोरवयातल्या साधारण सतरा टक्के मुलामुलींनी, म्हणजे सहापैकी एकाने, मरायचा हेतू नसताना निदान एकदा तरी स्वतःला इजा केल्याचं आढळलं. तुमच्या मुलाच्या वर्गातही तो बहुधा एकटा नसेल. यातली थोडीच मुलं कधी दवाखान्यापर्यंत पोहोचतात.

आता शपथेबद्दल. हे लिहिताना मला माझीच जुनी चूक आठवते. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांकडून कागदावर लिहून घेत असे: मी स्वतःला इजा करणार नाही. खाली सही, तारीख. कागद फाइलला लागला की मला रात्री झोप येई. एका मुलीने वर्षभराने मला सांगितलं, “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलायला लागले.” अशा करारांनी इजा थांबते याला पुरावा नाही. त्यांनी खोटं बोलायची सोय मात्र होते. तुमच्या मुलाकडे त्या क्षणाला तोंड द्यायचा दुसरा मार्ग नव्हता, आणि जो होता तो आईच्या जिवाला बांधून टाकला गेला. मग त्याने पुन्हा केलं, आणि आधीच्या दुखण्यावर ‘मी आईची शपथ मोडली’ हे ओझं चढलं. त्याला तुमची किंमत नसती तर त्याने लपवलं कशाला असतं?

कडी आणि फोन यांचंही थोडं तसंच. रात्री फोन खोलीबाहेर राहावा हे मला मान्य आहे, तो नियम घरात सगळ्यांनाच लावा, स्वतःसकट. पण फोन पूर्ण काढून घेतलात तेव्हा रात्री अकरा वाजता तो ज्या मित्राशी बोलला असता तोही काढून घेतलात. कडीबाबत त्याच्याशी ठरवा. ‘मी दार वाजवीन, तू आवाज द्यायचास, नाही दिलास तर मी आत येईन’ एवढं पुरतं. रोजची अंगतपासणी मात्र आजच थांबवा. ती त्याला एवढंच शिकवते की शरीर हे बाबांच्या ताब्यातलं खातं आहे आणि हुशारी लपवण्यात आहे.

तपासणी बंद करायची तर सुरक्षिततेचं काय, हे तुम्ही विचारणारच, आणि विचारायलाच हवं. स्वतःला इजा करणं आणि मरू पाहणं या दोन गोष्टी एक नाहीत. पण त्या एकमेकींच्या शेजारी राहतात. आज ज्याला मरायचं नाही त्याच्या मनात उद्या तो विचार येऊ शकतो, आणि पूर्वी स्वतःला इजा केलेली असणं ही पुढच्या आत्महत्येच्या धोक्याची एक मोठी खूण मानली जाते. म्हणून तुम्ही त्याला सरळ विचारा: “मरून जावं असं कधी वाटतं का तुला?” याच शब्दांत. विचारल्याने ती कल्पना त्याच्या डोक्यात जाईल ही भीती सार्वत्रिक आहे आणि निराधार आहे. २००५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं त्यांच्यात ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्यावर थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं.

तो ‘हो’ म्हणाला तर घाबरून विषय बदलू नका. “बरं झालं सांगितलंस. कधीपासून? कसं करायचं असंही मनात येतं का?” इथपर्यंत जा. मनात बेत असेल, तो निरोपाची भाषा बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, खूप तळमळीनंतर अचानक अनाकलनीय शांत झाला असेल, इजा वाढत चालली असेल, किंवा त्याने काही गिळलंय अशी नुसती शंका जरी आली, तरी पुढच्या आठवड्याची वेळ घेत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तुमच्या भागातल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तुमच्या आणि त्याच्या फोनमध्ये आजच घाला. हे तो ‘नाही’ म्हणाला तरी करा. घरातली सगळी औषधं, अगदी साधी तापावरचीसुद्धा, आणि इतर घातक वस्तू कुलपात ठेवा. हे चोरून करू नका, त्याला सांगून करा: “हा तुझ्यावरचा अविश्वास नाही. वाईट क्षण आणि वस्तू यांच्यात थोडं अंतर असावं म्हणून.” या अंतराने जीव वाचतात, कारण अशी उबळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. प्रश्न असतो तो मधला वेळ काढण्याचा.

तो मधला वेळ कसा काढायचा, हे शांत असताना लिहून ठेवायचं. शपथेच्या कागदाच्या जागी मी आता हेच करते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी बसवलेली ही पद्धत आहे आणि ती मुलाच्या शब्दांतच लिहायची असते. लाट चढायला लागली हे मला कशावरून कळतं (‘कान गरम होतात’, ‘सगळे माझ्यावर हसतायत असं वाटतं’). तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. कुठे किंवा कुणाबरोबर गेलो तर मन दुसरीकडे वळतं. मदत हवी म्हणून कुणाला सांगीन. कुठल्या डॉक्टरला, कुठल्या नंबरवर फोन करीन. घर सुरक्षित कसं ठेवायचं. करार सांगतो ‘करणार नाही’, ही योजना सांगते ‘तेव्हा हे करीन’. एक सावधगिरी: ‘त्याऐवजी कमी दुखणारं काहीतरी कर’ छापाचे सल्ले इंटरनेटवर भरपूर सापडतील. ते आपल्या मनाने देऊ नका. त्यातून कधीकधी वेदना हाच उपाय हा धडा पक्का होतो.

उपचारांकडे वळते. इजा थांबवणारी अशी गोळी नाही. सोबत नैराश्य, तीव्र चिंता किंवा दुसरा आजार असेल तर त्याचे उपचार होतात, त्यात औषधंही असू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावरची गोळी दिली तर पहिले काही आठवडे मुलावर नीट लक्ष ठेवा. काही किशोरवयीन मुलांमध्ये सुरुवातीला अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ पासून या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला आहे. गोळी घाबरून अर्ध्यात बंद मात्र करू नका, डॉक्टरांना फोन करा.

मुख्य काम बोलण्याच्या उपचारांचं. वारंवार इजा करणाऱ्या किशोरांसाठी ज्याच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे तो उपचार म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. ती उभी केली मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं की त्या स्वतः तरुणपणी याच कारणासाठी रुग्णालयात होत्या. त्या दुखण्यातून गेलेल्या बाईने त्यावरचा उपचार रचला, हे मी मुलांना आवर्जून सांगते, आणि ते ऐकताना त्यांची मान वर येते. यात मूल लाट ओळखायला आणि सोसायला, भावना खाली आणायला, मागायचं ते तोंडाने मागायला शिकतं. नॉर्वेत ७७ किशोरवयीन मुलांचे दोन गट करून एका गटावर १९ आठवड्यांचा हा उपचार करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा इजेचं प्रमाण यात अधिक घटलं. किशोरांसाठीच्या डीबीटीत आईवडीलही वर्गात बसतात, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. फक्त मुलाला ‘दुरुस्तीला’ सोडून घ्यायला येता येत नाही. डीबीटी जाणणारं कुणी जवळपास नसेल तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा बोलण्याचा उपचार, जाणणारे आणि किशोरांबरोबर काम करणारे तज्ज्ञ शोधा. पहिल्याच फोनवर विचारा: मुलाशी एकट्याने बोलाल का, आम्हाला काय सांगाल आणि काय सांगणार नाही, इजा पुन्हा झाली तर काय करता? “पुन्हा केलंस तर मी बघणार नाही” असं मुलाला बजावणारं कुणी भेटलं, तर तिथून निघा.

हे थांबणार कधी? तारीख मी देऊ शकत नाही. एक गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सुमारे एक हजार नऊशे मुलामुलींचा किशोरवयापासून विशीच्या शेवटापर्यंत मागोवा घेतला गेला. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. किशोरवयात स्वतःला इजा करणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी तरुणपणी तसं केल्याचं आढळलं नाही. यावरून ‘आपोआप जाईल’ असं समजू नका. त्याच अभ्यासात, किशोरवयात नैराश्य आणि चिंता असलेल्या मुलांमध्ये पुढे तरुणपणी इजा करण्याचं प्रमाण जास्त दिसलं. जखम जाते आणि दुखणं राहतं असंही होतं. आणि थांबणं सरळ रेषेत होत नाही. तीन आठवडे बरे जातील, एखाद्या परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा होईल. त्या रात्री तुम्ही कसे वागता यावर पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगतो की नाही हे ठरेल. आधी जखम बघा, धुवा, पट्टी करा, खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल तर दवाखान्यात न्या. हे करताना प्रश्न नकोत, उसासे नकोत. हात स्थिर ठेवा. बोलणं दुसऱ्या दिवशी.

आज रात्री, तपासणीच्या वेळी, तुम्ही बाह्यांना हात न लावता त्याच्याशेजारी बसावं असं मला वाटतं. बोलायची सुरुवात तुमच्याकडून व्हायला हवी. साधारण असं काही: “मी घाबरलो होतो म्हणून तुझे हात तपासत होतो. ते चुकलं. शपथही आम्ही घालायला नको होती, ती आम्ही मागे घेतो. तुला असं करावंसं वाटतं तेव्हा काय होतं, ते मला ऐकायचंय. आज नाही सांगितलंस तरी चालेल.” शपथ आईने मागे घेतलेली त्याने आईच्या तोंडून ऐकावी, म्हणून आधी तुम्ही दोघं बोला. त्याच्या कारणांवर तोडगा काढू नका, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ असं म्हणू नका, आमच्या वेळी काय होतं तेही नको. “असं वाटत असेल तर सहन होणं कठीणच आहे” एवढं म्हणणं म्हणजे इजेला परवानगी देणं नव्हे. मुलगे समोरासमोर बसून फारसं बोलत नाहीत, असा माझा अनुभव. चालताना, गाडीत, काहीतरी दुरुस्त करताना, नजरेला नजर नसते तेव्हा बोलतात. तो पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला तर ‘बरं, उद्या येतो’ म्हणून उठा, आणि उद्या खरंच जा.

त्याच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. घरात काहीतरी चाललंय हे तिला कळतंच. तपशील नकोत, पण ‘दादाला सध्या मनाचा त्रास होतोय, आपण त्याला मदत करतोय, तुझ्यामुळे झालेलं नाही’ एवढं तिला सांगा. शाळेत कुणाला सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा. एकच शिक्षक पुरे. आणि तुम्ही दोन महिने धड झोपला नाहीत हेही मी वाचलं. त्या ज्येष्ठांशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. ज्यांच्याशी बोलून हलकं वाटतं असं एक माणूस तुम्हीही शोधा, नाहीतर मुलाच्या तज्ज्ञांकडेच स्वतःसाठी वेळ मागा.

राहिला शेवटचा प्रश्न, हे उत्तर त्याला दाखवू का. दाखवा, पण आधी बोलणं होऊ द्या. आणि वाचून तो चिडला, की माझ्याबद्दल एका परक्या बाईला न विचारता लिहिलंत कसं, तर समजावत बसू नका. त्याचं म्हणणं रास्त आहे. ते पूर्ण ऐकून घ्या.